व्याह्यांनी दोनदाच विचारलं

"नवरीला चर्चात मीच नेणार, आणि तेही बोटीतून," असं आर्विड टोलेफ्सरुडने मे महिन्यातच जाहीर करून टाकलं होतं. बोटीच्या मागे लावायची मोटर त्याच्या वडिलांची, १९५६ सालची. "हिचा एकेक दात मला तोंडपाठ आहे," असं तो म्हणायचा. मिनेसोटातल्या त्या गावात सगळे ते ऐकून घेत, कारण तोंडावर उलट बोलणं तिथे वाईट दिसतं.

लग्न दोनचं. दीड वाजता, तळ्याच्या मधोमध, मोटरीचा पंखा पाण्याखालच्या खडकावर आपटला. मोटर बोंबलायला लागली आणि बोट मात्र जागच्या जागी.

"काय झालं, बाबा?" सोल्वेगने पांढरा झगा सावरत विचारलं.

"काही नाही. इंजिन ठणठणीत आहे, म्हणजे दुखणं खाली." त्याने मोटर बंद करून वर उचलली, पंखा हाताने फिरवला. पंखा गरागरा फिरला, पण आतला दांडा हलेना. "पिन तुटली. पितळेची असते, मुद्दाम नरम. धक्का बसला की ती मरते आणि गिअर वाचतात."

"मग दुसरी घाला."

दुसऱ्या पिना गळाच्या डब्यात होत्या, आणि नवरीच्या बोटीत मासळीचा वास नको म्हणून डबा घरी राहिला होता. फुलांना जागा हवी म्हणून वल्हीही घरीच. आर्विडने बाकाचा एक खिळा उपटला आणि पिनेच्या जागी ठोकला. लोखंडी खिळा तिथे कधी घालू नये, हे गेली चाळीस वर्षं तोच गावाला बजावत आला होता.

बोट शंभर हात गेली. पुढच्या खडकावर खिळा काही तुटला नाही, आतले गिअर तुटले. पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि आर्विडला रडायचंच काय ते बाकी राहिलं.

एवढ्यात टेक्सासहून आलेले व्याही, ड्वेन, नव्याकोऱ्या बोटीतून शेजारी येऊन थांबले. "ओढून नेऊ का, व्याहीबुवा?"

"छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता? आमचं छान चाललंय."

"नक्की ना?"

"अगदी नक्की. हवा काय सुंदर आहे आज." सोल्वेगनेही हसून मान डोलावली.

ड्वेननी टोपी उचलून नमस्कार केला आणि ते खरंच निघून गेले.

बापलेक त्या दिशेला बघत राहिले. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, "बरं, आता एवढं म्हणताच आहात तर," म्हणून घ्यायचं, हे त्या गावात पोरं चालायच्या आधी शिकतात.

"दोनदाच विचारलं," आर्विड म्हणाला.

"त्यांच्याकडे एकदाच विचारतात, बाबा. दुसऱ्यांदा विचारलं हाच मोठा मान."

"मग तू का नाही हो म्हणालीस?"

"मी तिसऱ्यांदाची वाट बघत होते."

अडीच वाजता चर्चाकडून छप्पर घातलेली मोठी बोट आली. तिच्यात पाद्री, निम्मे पाहुणे, आणि पुढे टाय सैल केलेला नवरदेव, क्लेटन. चेहरा पांढराफटक.

"सोल्वेग, तुमचं छान चाललंय आणि त्रास नको, असा निरोप मिळाला. लग्न नको असेल तर सरळ सांग. करायचंय का?"

सोल्वेगने तोंड उघडलं. त्या तोंडातून काय येणार हे आर्विडला ठाऊक होतं, सव्वीस वर्षं त्यानेच तर शिकवलं होतं. मागणीसुद्धा क्लेटनने तीनदा घातली म्हणून गोष्ट इथवर आली होती, आणि आज त्याचा तेवढा धीर दिसत नव्हता. आर्विड डुगडुगत्या बोटीत उभा राहिला.

"हो," तो म्हणाला. "करायचंय. आत्ताच. घेऊन जा हिला."

मोठ्या बोटीतल्या सगळ्या माना आर्विडकडे वळल्या. टोलेफ्सरुडांच्या चार पिढ्यांत कुणी पहिल्या फटक्यात हो म्हटलं नव्हतं. मागच्या बाकावरची बोर्गिल्ड आत्या पाद्र्यांच्या कानाशी वाकली, पण पाण्यावर आवाज लांब जातो.

"पोरगी एवढी जड झाली होती का याला?"