जॅक जागेवर बसेना

पंक्चर झालेलं टायर बदलायला वेड नावाच्या त्या तरुणाला फारसा वेळ लागला नाही आणि शेजारी उभे असलेले ऑर्विल केसलर चक्क "हं" म्हणाले. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या त्या भागात सासऱ्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे अर्धा साखरपुडा झालाच. सासरे अर्थात अजून व्हायचे होते. चर्चमधून जेवायला केसलरांच्या घरी जाताना वाटेतच त्यांच्या मुलीला, जनेलला, मागणी घालायची, म्हणून तर वेडने त्यांना आपल्या पिकअपमध्ये बसवलं होतं. जनेल आणि तिची आई दुसऱ्या गाडीतून केव्हाच पुढे गेल्या होत्या. जॅक जागेवर ठेवायचा आणि विषय काढायचा, असं त्याने ठरवलं.

जॅक बसेना. मागच्या सीटखाली त्याच्यासाठी कंपनीने लोखंडी खोबण केलेली असते. जॅक तिच्यात ठेवून त्याचा स्क्रू जरासा फिरवला की तो वर सरकतो आणि घट्ट अडकून बसतो. हे गाडीबरोबरच्या पुस्तकात चित्रासकट दिलं होतं. पण त्या गावात पुरुषाने ते पुस्तक उघडणं म्हणजे भर रस्त्यात मुळूमुळू रडणं. वेडने जॅक उभा घातला, आडवा घातला, मग पार मिटवून कोंबला. आत गेला, पण धक्का लागताच खुळखुळ वाजायला लागला.

"मागे उघड्या हौद्यात टाकून देऊ का टायरबरोबर?" वेडने विचारलं.

"सुटा जॅक मागे टाकून ओमाहा शहरातले वकील हिंडतात," केसलर म्हणाले. "काढायला काय, कुणीही काढेल, परत बसवता आला पाहिजे. सरक, पोरा."

केसलरांनी आधी कोट काढला, मग टाय, मग देवाचं नाव, आणि तेही चर्चमध्ये काढतात तसं नव्हे. जॅकने त्यांनाही दाद दिली नाही.

तेवढ्यात शेजारच्या शेतावरच्या मर्ल फ्रायटागने गाडी थांबवून काही अडलंय का, अशी चौकशी केली. तिकडे रस्त्यात थांबलेल्याला हे विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, आणि विचारल्यावर कोणी "हो" म्हणत नाही. केसलरांनी जॅक पाठीमागे लपवला.

"छे, छे. ब्रूनिंगचा मका बघतोय."

मर्लने रस्त्याकडेच्या शेतातल्या मक्याकडे पाहिलं. मका मक्यासारखाच होता. मग त्याने केसलरांच्या उघड्या गळ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला. पाठोपाठ आणखी दोघे थांबले, त्यांनाही मकाच दाखवण्यात आला. आता दुसऱ्याच्या शेताकडे माणूस इतका वेळ टक लावून बघतो ते फक्त विकत घ्यायचं असलं तर. फोन वाजला तेव्हा केसलरांचे दोन्ही हात ग्रीसने माखले होते, म्हणून वेडने तो स्पीकरवर लावून त्यांच्यापुढे धरला.

"ऑर्विल, तू ब्रूनिंगचं शेत घेतोयस?" त्यांची बायको वर्ना विचारत होती. "तिघांचे फोन आले. ब्रूनिंगची बायको रडतेय, नवऱ्याने शेत विकायला काढलंय हे तिलाच ठाऊक नाही. आणि तुला कशाला हवंय रे आणखी शेत? गुडघे बघ आपले."

जॅक बसत नाही, एवढंच सांगायचं होतं. केसलरांनी जॅककडे पाहिलं.

"माझ्यासाठी नाही," ते अखेर म्हणाले. "जावयासाठी बघत होतो."

"कुठल्या जावयासाठी?"

"आपल्याला मुलगी एकच आहे ना? हा काय, इथेच उभाय वेड."

पलीकडून जनेलची किंकाळी ऐकू आली, मग काहीतरी फुटल्याचा आवाज, आणि फोन बंद झाला. वेडला इतका आनंद झाला, की आठवडाभर घोकलेलं भाषण तो पार विसरून गेला.

"मिस्टर केसलर, मी तर अजून विचारलंही नव्हतं. तुमची खरंच हरकत नाही?"

"आहे की." केसलरांनी जॅक आपल्या रविवारच्या कोटात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन ते गाडीत बसले. "पण नाही म्हटलं तर इतका वेळ इथे काय करत होतो ते सांगावं लागेल. तेव्हा जनेल तुला पसंत आहे, शेत पसंत नाही. घरी असंच सांगायचं. चल."