झिंगरूजींचा रामराम

पटले आडनावाचे आमचे शेजारी झिंगरूजी गोंदियाच्या बाजारातून निघाले की दिसेल त्याला रामराम घालत. ओळखीच्याला, परक्याला, नुकत्याच गाडीतून उतरलेल्या तांदळाच्या व्यापाऱ्याला, झाडाखाली घोरणाऱ्यालासुद्धा. भाजी घेऊन परतायला त्यांना इतका वेळ लागे, की वहिनी वाट पाहून वरणभातावरच भागवत.

ते नागपूरच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत. एकदा मी वैतागून विचारलं, "एवढा रामराम काऊन घालता, झिंगरूजी?"

"एकालेच घातलो तं लोकं म्हनतीन, यानंच खबर देल्ली. सगळ्यायले घातलो का कोन वळखीन?"

नावं लपवायचा हा सोस घरातही चाले. वांगी कुणी दिली, हे विचारलं तरी म्हणत, "नाव नाही सांगत."

"वांग्यानं का होते जी?" वहिनी चिडायच्या.

"आदत बिघडते."

मग त्यांनी एक बातमी छापून आणली. गावतलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, ठेकेदार मुरमाऐवजी शेतातली माती भरत होता. ठेकेदाराने संपादकावर फिर्याद ठोकली आणि साक्षीला झिंगरूजींना बोलावणं आलं.

"खबर किसने दी?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं.

"नाव नाही सांगत, साहेब. गरिबाचं काम जाईन."

"ऐसा कौन से कानून में लिखा है?"

"कायद्यात नाही लिवलं, म्हनून तं मले सांभाळा लागते."

साहेबांनी त्यांना काही दिवस आत टाकलं. वहिनींचे डोळे पाहून मला झिंगरूजींचा खरंच राग आला. एका नावाने असं काय बिघडणार होतं?

सुटले त्या दिवशी त्यांना आणायला मीच गेलो. बाजारात ठेकेदाराचा मुनीम चहाच्या दुकानात ठाण मांडून बसलेला, यांच्याशी कोण बोलतं ते बघत. त्याला पाहताच झिंगरूजी मान खाली घालून चालू लागले. कुणालाही रामराम नाही! मला ते बघवेना.

तेवढ्यात भाजीवाला उठला. "रामराम, झिंगरूजी!" मागोमाग शिंपी उठला, टांगेवाले उठले, हमाल आले, तलावावरचे मजूर आले. कुणी हात धरला, कुणी सुपारी दिली, कुणी गळ्यात पडलं. मुनीम मान वळवून वळवून थकला आणि चहाचे पैसे देऊन निघून गेला.

घरी आल्यावर झिंगरूजी ओसरीवर सुपारीचं एक खांड मुठीत घेऊन बसून राहिले. डोळे भरून आले होते.

"लहानपनचा दोस्त आहे माझा," ते हळूच म्हणाले. "त्यानं खबर देल्ली तवापासून त्याच्या दारात नाही गेलो. आज त्यानं सगळ्यायसमोर मले पोटाशी धरलन."

"कोन जी?" मी विचारलं.

त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि गालातल्या गालात हसले.

"नाव नाही सांगत."