लटारूभाऊंची हरकत

सभा कसलीही असो, लटारूभाऊंचा उजवा हात वर जायचा आणि पाठोपाठ खर्जातला आवाज यायचा, "माझी हरकत हाये." पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं रंगात आली असतानाच हा हात वर गेला. माईकवाल्यानं माईक खाली घेतला. भाऊ शांतपणे म्हणाले, "नवरदेवाच्या तोंडावर ऊन येऊन राह्यलं. त्याले सावलीत घ्या, मंग म्हना." नवरदेवाला सावलीत सरकवलं आणि लग्न लागलं.

माझी त्यांची गाठ कामातून पडली. मी ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकवते. आमच्या भागात उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात. त्यावर आम्ही काही जणांनी अभ्यास हाती घेतला होता. एक गोष्ट मात्र पक्की ठरवली होती. गावाला नुसतं विचारून निघून यायचं नाही. काय विचारायचं इथपासून शेवटी काय लिहायचं इथपर्यंत गाव सोबत असेल. हे ठरवताना लटारूभाऊ आम्हाला माहीत नव्हते.

समाजमंदिरातल्या पहिल्या बैठकीत मी आमचा मुख्य प्रश्न वाचून दाखवला : धोका माहीत असूनही लोक जंगलात का जातात?

हात वर. "हरकत. हे तं असं झालं म्याडम, का पोरगं तापानं फणफणून राह्यलं अन् डागदर विचारते, काऊन बे, तापला काऊन?"

सगळे हसले. मग बायका बोलायला लागल्या. कुणी म्हणालं, पहाटे गेलं नाही तर फुलं गुरं खाऊन जातात. कुणी म्हणालं, जोडीनं जावं तर झाडं ज्याची त्याची वेगळी. दिवस कलेपर्यंत प्रश्नच बदलला. जंगलात जाणं सुरक्षित कसं होईल, हे शोधायचं ठरलं. हा प्रश्न आमच्यापेक्षा बरा होता, हे कबूल करायला हरकत नाही.

पण म्हणून भाऊंची प्रत्येक हरकत सोन्याची होती असं कुणी समजू नये. चहात आलं का नाही, ही हरकत. सतरंजीचं तोंड दाराकडे का, ही हरकत. 'मुलाखत' या शब्दावर तर त्यांनी एक अख्खी बैठक खाल्ली. "मुलाखत मंत्र्याची असते. आमी गोठी करतो." तेव्हापासून आम्हीही गोठीच करायला लागलो.

घरोघर आमच्यासोबत फिरायला माणसं हवी होती. गावानं एकमुखानं भाऊंचं नाव सुचवलं. त्यात विश्वासाइतकाच सुटकेचा आनंद होता. भाऊ खिशाला पेन लावून, धुतलेली टोपी घालून 'आपल्या अभ्यासा'ला निघाले. काम मात्र त्यांना अजिबात जमत नव्हतं. प्रश्न उत्तरापेक्षा लांब व्हायचा. कधी उत्तरही तेच देऊन टाकायचे.

"सरूबाई, त्या दिवशी तू किती वाजता निघाली? अंधारातच निघाली असन. तू अंधारातच निघते."

"मी सांगू का तूच सांगतं, भाऊ?" सरूबाई म्हणाली.

पण त्याच सरूबाईला, वाघानं नेलेल्या नवऱ्याचा गमछा कुठे सापडला ते सांगताना पुढचा शब्द फुटेना, तेव्हा भाऊ रेकॉर्डरकडे बोट करून मला हळूच म्हणाले, "मशीन बंद करा." मग ते तिच्याशी शेळ्यांबद्दल बोलत बसले. कुठली गाभण, कुठली मारकी. बोलता बोलता सरूबाईनं डोळे पुसले आणि चुलीकडे गेली. त्या दिवशी आम्ही पुढे काही विचारलं नाही.

अशी एकेक घरं झाली. एकच गोठ राहिली, ती भाऊंची. त्यांची बायको कौसाबाई अशाच एका मोहाच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात गेली होती. गावाला ठाऊक होतं, आम्हालाही. मी विचारलं की ते म्हणायचे, "माझं मांगून." पुढे कधी शेळी व्यालेली असायची, कधी पाय मुरगळलेला असायचा. ज्याला सांगायचं नाही त्यानं सांगू नये, हा आमचा नियमच होता. मी विचारणं सोडलं.

अहवाल तयार झाल्यावर गावात बसून वाचून दाखवला. लोकांनी दुरुस्त्या सुचवल्या, दोन घरांनी आपला मजकूर काढायला लावला. तो काढला. काम संपलं. मी फाट्यावर काळीपिवळी जीपची वाट पाहत थांबले होते, तेव्हा भाऊ आले आणि दगडावर बसले.

"माझं आयकाचं राह्यलं," ते म्हणाले.

"सांगा भाऊ. अहवालात अजून घालता येईल."

"त्याच्यात नोको. तुमी फकस्त आयका."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"ती मोहा येचता येचता बोलत राहे. झाडाशी बोले, टोपल्याशी बोले. मेलेल्या सासूशी भांडे. मी पल्याडच्या झाडाखाली. रोज वरडो, चूप राय ना वं जराशी." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्या दिवशी ती चूप झाली."

रस्त्यावर धूळ उडाली. गाडी येत होती.

"मले बरं वाटलं, म्याडम. थोडा येळ मले बरं वाटलं."

मी हात केला नाही. गाडीनं हॉर्न दिला आणि निघून गेली.

मग मी विचारलं, "काय बोलायच्या त्या?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसावं. घसा खाकरून त्यांनी आवाज बारीक केला. "'अवं माय, या झाडाले काई शरम? काल टोपलंभर देल्लं, आज मूठभर. अन् त्या बुढीनं, मरतावक्ती बी, कानातलं माह्या हाती नाई देल्लं...'" सासू झाली, शेजारीण झाली, माहेरची म्हैस झाली. मधूनच ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. पुढची गाडीही येऊन गेली.

"'आयकून राह्यले का जी?'" कौसाबाईच्या आवाजात त्यांनी विचारलं.

मग रस्त्यापलीकडच्या झाडांकडे पाहत, आपल्या खऱ्या आवाजात म्हणाले, "आयकून राह्यलो वं. बोल."