सोनवणे काकांचा ड

आमच्या इमारतीतल्या सोनवणे काकांना हात जोडून नमस्कार केला की ते म्हणतात, "उलटे करा." मग नखं बघतात. नखांनंतर खालची पापणी, आणि तेवढ्यात तुम्ही लिफ्टमध्ये शिरला नाहीत, तर जीभ.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरचं पाणी तपासायचे. निवृत्तीनंतर बॉयलर उरला नाही, म्हणून आता आम्ही. जीवनसत्त्वांबद्दल ते घरच्या माणसांसारखं बोलतात. "जोशीबाईंचा ब-बारा रुसलाय." "वॉचमनचा ड कुठे गेला?" वॉचमन रात्रपाळी करून दिवसभर झोपतो, हे सांगून उपयोग नसतो.

लग्नसराईत गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर आम्ही आहेर द्यायला स्टेजवर चढलो. काकांनी नवरदेवाची पापणी खाली ओढली आणि मुलीच्या आईला म्हणाले, "लोह कमी आहे. घाबरू नका, गोळ्यांनी भागेल." फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला.

दारावर भाजी आणणाऱ्या ताराबाईंनी मात्र त्यांना एकदा ऐकवलं. "काका, जीभ दावून दावून लय वाळली. मेथी घेता का नाय?" काकांनी मेथी घेतली आणि तिच्या ओठांच्या चिरलेल्या कडांकडे बघत म्हणाले, "ब कमी आहे. यातली एक जुडी तूच घरी ने."

यंदा उन्हाळ्यात काकाच बिघडले. सारखी तहान, मळमळ, जेवण जाईना, जिना चढताना भिंत धरायचे. "ड कमी पडतोय," हे त्यांचं निदान. मी वाद घातला नाही. त्यांना गाडीत घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "काका, ड जास्त झालाय. त्यानं कॅल्शियम चढलंय. असंच चाललं तर किडन्या जातील."

"बॉयलरच्या नळ्यांत क्षार बसतात तसं?"

"तसंच समजा. ड पूर्ण बंद."

काकांनी रिपोर्टची घडी घातली. कमी जितकं वाईट, तितकंच जास्तही, हे त्यांनी नोकरीभर इतरांना शिकवलं होतं.

गाडीत मी विचारलं, "काका, दुधातून घ्यायची डची पुडी आठवड्याला एकच घेत होता ना?"

"माझी एक," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आणि तिची एक."

काकू गेल्यावरच ते पंचवटीतलं घर सोडून आमच्या इमारतीत राहायला आले. पण औषध अजून तिकडच्याच मेडिकलमधून आणतात. "तो दोघांचं बांधून ठेवतो. काकू कशा आहेत, विचारतो. मी एकदा म्हटलं, बऱ्या आहेत. मग सांगायचं राहूनच गेलं. आणि आणलेलं टाकवत नाही हो, ताई."

मी गाडी पंचवटीकडे वळवली. हे काम आजच व्हायला हवं होतं.

दुकानदाराने काकांना बघताच दोन पुडकी काउंटरवर ठेवली. काकांनी एक उघडून त्यातला ड काढायला लावला. दुसरं न उघडताच मागे सरकवलं.

"हे आता नको."

"का हो? काकूंना बरं वाटतंय वाटतं?"

काकांचं बोट पुडक्यावरच होतं. मी रस्त्याकडे बघत राहिले.

"हो," काका म्हणाले. "आता काही त्रास नाही तिला."