कठड्यावरचं चितळ

रस्त्यावर गाडीखाली मेलेलं जनावर दिसलं की रफीकभाऊ सायकल लावतात, त्याच्याजवळ उकिडवे बसतात आणि विचारतात, "कुठी चालला होता रे?"

उत्तर मिळाल्यासारखी मान हलवतात. मग पिशवीतून रंगाचे डबे निघतात. जवळच्या दगडावर नाहीतर रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर ते जनावर उभं राहतं. तोंड जंगलाकडे, आणि चेहऱ्यावर उशीर झाल्याचा वैताग.

रफीकभाऊ भद्रावतीत आमच्या शेजारी राहतात. धंदा दुकानांच्या पाट्या रंगवण्याचा. वाघानं माणूस मारला की त्या जागी वाघोबाचा दगड मांडायची आमच्याकडे रीत आहे. रफीकभाऊंनी ती उलटी केली, एवढंच. चंद्रपूरच्या वाटेवर त्यांची साळिंदरं आहेत, सांबर आहे, एक मसण्याऊद आहे. त्याच्या मिशा किराणा दुकानाच्या पाटीवरल्या अक्षरांसारख्या वळणदार. एका साहेबानं त्यांना हटकलं, सरकारी दगड खराब करता म्हणून. रफीकभाऊ म्हणाले, "साळिंदर बी सरकारीच होतं, साहेब."

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ प्रमोद त्याच रस्त्यावर गेला. जखमी चितळाला कडेला घ्यायला मोटारसायकलवरून उतरला होता. ट्रक थांबला नाही. मागून आलेले थांबले, ते मोबाइलवर व्हिडिओ काढायला.

तेरवीनंतर मी तिथे गेलो. कठड्यावर चितळ होतं. फक्त चितळ. परत आल्यावर रफीकभाऊंना विचारलं, प्रमोदला का नाही काढलं? ते ब्रश पुसत राहिले.

"माणसाचे फोटो असतात. चितळाचा कोणापाशी आहे?"

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. पण बसच्या खिडकीतून त्या कठड्याकडे बघणं सुटेना. चितळाच्या मानेखाली कधी एक फिकट डाग दिसायचा, पुढच्या खेपेला पुसलेला असायचा. काय चाललंय, कळत नव्हतं.

शेवटी एका सकाळी तिथेच उतरलो. रफीकभाऊ कठड्यासमोर बसले होते. चितळाच्या मानेखाली एक हात होता, कोपरापर्यंतच, मान सावरून धरलेला. आधी रंगवून पुसून टाकलेल्या हातांनी भोवतीचा चुना मळला होता.

"लय दिवसांपासून जमूनच नाई राह्यला," ते मागे न वळता म्हणाले. "जनावराले असा हात लावताना कोणाले पाह्यलंच नाई ना."

मग ब्रश रंगात बुडवून थांबले.

"घड्याळ कोणत्या हाताले बांधे तो?"

तेरवीनंतर प्रमोदबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं.

"उजव्या," मी म्हणालो आणि खाली बसलो. "पट्टा सैल असायचा. सारखं मनगटावरून खाली यायचं."