गयाबाई केबल व्हिजनचे चेअरमन

आमचे शेजारी तात्या रोज संध्याकाळी सहाला लेंग्यावर कोट चढवतात. कोटावर टाय. समोर स्टुलावर केबलच्या वायरीला जोडलेला मोबाइल उभा आणि मोबाइलमागे काकू. "कॅमेरा!" तात्या गरजतात. काकू एका हाताने बटण दाबतात, दुसऱ्या हाताने गॅस बारीक करतात. "नमस्कार! गयाबाई केबल व्हिजनच्या बातम्यांत आपलं स्वागत असो," म्हणत तात्या शेवगावला शेवगावच्याच बातम्या सांगू लागतात.

"बाजारात तुरीची आवक वाढली आहे." मागे कुकरची शिट्टी होते. तात्या पापणीही न लववता म्हणतात, "आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार, वरण शिजलं आहे."

कोट उतरला की तात्या गावच्या बोलीत येतात, पण चेअरमनपद काही उतरत नाही. सकाळचा चहा म्हणजे बोर्डाची मीटिंग. काकू व्यवस्थापकीय संचालक. पोहे संपले तर "कच्च्या मालाचा तुटवडा". आणि प्रत्येक वाक्यानंतर "सर, नोंद घ्या!" कारण गेल्या वर्षी त्यांनी मला दारातच पकडलं होतं.

"सर, तुमी शाळेत मराठी शिकवता. कंपनीचा इतिहास लिवायचा हाय. मोठ्या कंपन्यांचा आसतो तसा. गुळगुळीत कागद, पयल्या पानावर आईचा फोटो."

आई म्हणजे गयाबाई. कंपनीची स्थापना तिच्या पायांमुळे झाली. त्या काळी पेठेत लोकांच्या टीव्हीवर एकच चॅनल दिसायचं. तात्यांनी घरावर मोठी छत्री बसवली आणि सहा दिसायला लागली. झालं! सगळी गल्ली यांच्या घरात. गयाबाईंना पाय पसरायला जागा उरेना. तेव्हा तात्या आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना यांनी घरोघरी वायर ओढून दिली, की बाबांनो, आपापल्या घरी बसून बघा. प्रकरण पहिलं समाप्त.

दुसरं प्रकरण शिडीचं. नाना वर चढणार, तात्या खाली शिडी धरणार, अशी कामाची वाटणी. तात्यांना उंचीची भयंकर भीती. जेवायला पाटावर बसतानासुद्धा काकूंचा खांदा धरतात. "पर कंपनी वर चढली ती माझ्या हातांवर. नोंद घ्या!"

तिसऱ्या प्रकरणाचं नाव तात्यांनी एका शब्दात सांगितलं: "फितुरी." आठ वर्षांपूर्वी नानांनी घरोघरी बसवायच्या छोट्या छत्र्यांची एजन्सी घेतली. म्हणजे केबलच्याच मुळावर घाव. नाना गल्लीत समोरच राहतात, पण तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही.

"नाव घालू नका," तात्या म्हणाले. "एक गृहस्थ, एवढंच लिवा."

मग मोबाइल आले. पूर्वी ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर कनेक्शन बंद करायची आणि परतली की चालू करायची. ती परतत राहिली, कनेक्शन परतलं नाही. माझंही नाही, हे मी मान खाली घालून लिहितो.

"शेवटच्या प्रकरणात काय लिहू, तात्या?"

"कोरं ठेवा. त्ये अजून घडायचं हाय."

इतिहास तिथेच अडला. त्यातून आईचा फोटोही नानांकडे. शेवटी मीच गेलो. घरावर नव्याकोऱ्या तीन छत्र्या आणि आत जुना, पोट सुटलेला टीव्ही. त्यात कोट-टाय घातलेले, थरथरणारे तात्या! नानांच्या हातात जिलेबीची बशी.

"नाना, तो फोटो..."

"गप बसा सर. बातम्या चालूत."

"हवेत गारवा वाढला आहे," तात्या सांगत होते. "शुगर असणाऱ्या नागरिकांनी पायांत मोजे घालावेत. जिलेबी तर बिलकूल खाऊ नये. विशेषतः आमच्या समोरच्या बाजूला राहणाऱ्या नागरिकांनी."

नानांनी बशी मुकाट माझ्याकडे सरकवली.

"नाना, तुमचीच एजन्सी, आणि घरात ही केबल?"

"छत्रीवर दोनशे चॅनल दिसत्यात सर. तात्या एकावरबी न्हाई." टीव्हीमागची वायर दाखवत म्हणाले, "पेठंतल्या समद्या वायरी लोंबत्यात. चालू हाय ती ही एवढीच. त्यानं तोडली न्हाई, मी काढली न्हाई."

फोटो त्यांनी दिला नाहीच. वर मलाच काम सांगितलं. "कालपास्नं चित्र थरथरतंय. त्याच्या गच्चीवरचा जॉइंट ढिला झाला आसंल. सांगा त्याला. माजं नाव घेऊ नका. एका प्रेक्षकाची तक्रार हाय म्हना."

मी तसाच समोर गेलो. "तात्या, एका प्रेक्षकाची तक्रार आहे. चित्र थरथरतंय."

तात्यांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "लेखी का तोंडी?"

"तोंडी. गच्चीवरचा जॉइंट ढिला झालाय म्हणे."

"झाला न्हाई," तात्या कुजबुजले. "मी केलाय."

"तुम्ही? वर चढून?"

"चढले की!" काकू आतून ओरडल्या. "डोळे मिटून! शिडी मी धरली. उतरल्यावर तासभर पांघरूण घेऊन पडले होते."

"ह्याची नोंद नको," तात्या घाईने म्हणाले. "प्रेक्षकाला कळवा, कंपनीत तांत्रिक विभागाची जागा रिकामी हाय. दुरुस्तीला मानूस न्हाई."

मी कळवलं. नाना उखडले. "साधा जॉइंट आवळता येईना? कसला चेअरमन!"

तीन दिवस चित्र थरथरत राहिलं. तात्या दर दोन तासांनी मला विचारत, "प्रेक्षक काय म्हनतोय?" तिसऱ्या दिवशी तर कोट घालतानाही त्यांचं लक्ष समोरच्या दारावर होतं.

चौथ्या दिवशी सहाला पाच कमी असताना नाना अंगणात आले. हातात पक्कड, काखेत गयाबाईंचा फोटो, पायांत मोजे. फोटो काकूंच्या हातात देत भिंतीकडे बघून म्हणाले, "शिडी कुठंय?"

शिडी चार दिवसांपासून लावलेलीच होती. तात्या कोट-टायसकट धावले.

"नीट धर," दुसऱ्या पायरीवरून नाना म्हणाले. "मागल्या बारीला हलवलीस."

"मी न्हाई हलवली. तूच वर नाचत हुतास."

"मी?"

"मग कोन, आई?"

सहा वाजले. काकूंनी मोबाइल स्टुलावर उभा केला, थोडी वाट पाहिली आणि चहाचं आधण वाढवलं.

त्या दिवशी गयाबाई केबल व्हिजनच्या बातम्या झाल्या नाहीत. कोणाची तक्रारही आली नाही. कंपनीचा एकुलता एक प्रेक्षक शिडीवर होता आणि चेअरमन दोन्ही हातांनी शिडी धरून, वर बघत उभे होते.