पाचवी रेष

चौरस कागदाचे दोन सारखे भाग करणाऱ्या रेषा किती? चार. यावर तीन शिक्षकांचं एकमत झालं होतं, आणि तीन शिक्षकांचं एकमत होणं म्हणजे काही खायचं काम नाही. तिघांनी मिळून पाठ बसवला. मुलं काय काय उत्तरं देतील तेसुद्धा आधीच ठरवून टाकलं. शिकवायचं नव्या बाईंनी. गणिताच्या मोठ्या बाई आणि चित्रकलेचे सर मागे बसून नुसतं बघणार. बघणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही, हा नियम. मुख्याध्यापकही शेऱ्यांचा कागद घेऊन मागे बसले, कारण नव्या बाईंना कायम करायचं की नाही, ते याच तासावर ठरणार होतं.

मुलांनी घड्या घातल्या. एक उभी, एक आडवी, आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात अशा दोन. फळ्यावर चार रेषा आल्या आणि नव्या बाईंच्या जिवात जीव आला. तेवढ्यात, वर्षभर चकार शब्द न काढलेली गप्पू उभी राहिली.

"बाई, माझी पाचवी आहे."

तिची रेष भलतीच तिरकी होती. धड कोपऱ्यात नाही, धड बाजूच्या मध्यावर नाही. बाईंनी घडी घातली. कडा काही जुळेनात.

"नाही गं, चुकलं तुझं."

"घडी नका घालू ना. कापा."

गप्पूने कागद कापला, एक तुकडा गोल फिरवला आणि दुसऱ्यावर ठेवला. तंतोतंत बसला. नव्या बाई बघतच राहिल्या. हे उत्तर तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

"अगं बाई," मागून मोठ्या बाई म्हणाल्या आणि नियम मोडला. "सर, कात्री द्या."

"थांबा हो, माझं चाललंय," चित्रकलेचे सर कापता कापता म्हणाले.

"रेष मधोमधून जाऊ दे फक्त," गप्पू सांगत होती. "मग कशीही तिरकी करा. संपतच नाहीत."

गणित शिकवण्यात केस पिकलेल्या मोठ्या बाईंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं हा चौरस त्यांच्या हाताखालून जात होता, आणि त्यात एवढं मावलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

कोरे कागद संपले, तरी मुख्याध्यापकांची कात्री चालूच होती. नव्या बाईंनी वाकून पाहिलं. शेऱ्यांच्या कागदाचे तुकडे झाले होते.

तासानंतर सगळे चर्चेला बसले.

"बाई, हा तास उद्या पुन्हा घ्यावा लागेल," मुख्याध्यापक म्हणाले.

नव्या बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझी नोकरी गेली?"

"छे हो, तुम्ही कायम. पण ते दर वेळी जुळतं कसं, हे काही माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. उद्या मला गप्पूच्या शेजारी बसवा."

"तिथं मी बसणार आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही मागे बसा."